इन्नाची तहान

खाटकाच्या अंगणात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. मुलीचं बारसं होतं, सातवा दिवस. मेंढा कापून झाला होता, शुभकार्याला वाटायची कोलाची कडू फळं फोडून वाटून झाली होती, आणि कुणाचंच लक्ष त्यात नव्हतं. सगळे डोळे अंगणाच्या मधोमध मांडलेल्या तिवईवर होते. तिवईवर चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला वाळक्या भोपळ्याचा कटोरा. कटोऱ्यात मातीची वीतभर बाई, मान जराशी वाकलेली, गळ्यात लाल मणी. आणि तिवईपुढे चटईवर सात दिवसांची पोर, मुठी आवळून झोपलेली.

"हटा, हटा! बाईला वारा लागू द्या!" गाम्बो ओरडत होता. "तीन नद्या ओलांडून आलीये. घसा सुकलाय तिचा!"

गाम्बो स्वतःला इन्नाचा सरदार म्हणवून घ्यायचा. डोक्यावर लाल टोपी, गळ्यात कवड्या, डाव्या मनगटावर तीन घड्याळं. तिन्ही बंद.

"ए ओल्या ओठांच्या आई," त्याने मातीच्या बाईच्या कानाशी तोंड नेलं. "खाटकाची लेक आहे ही. हिचा पाय हवाय का तुला? की हात? हवा असेल तर पी, नको असेल तर राहू दे!"

त्याने दुधाचा चंबू तिरपा केला. दूध बाईच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीवर चढलं, गळ्यातले मणी बुडले. चंबू बाजूला झाला.

आणि दूध आपोआप उतरू लागलं. कुणाचा हात नाही, बोट नाही. मणी उघडे पडले, छाती उघडी पडली, आणि तळाशी दूध आलं तसा त्या मातीच्या पोटातून घोट घेतल्यासारखा आवाज आला. गळ्ळक्. पोरीच्या आजीने किंकाळी फोडली.

मग गाम्बोने काळा दोरा काढला, सात गाठी मारल्या, पोरीच्या घोट्याला बांधला, एक जिवंत मेंढा आपल्या माणसाकडे सरकवला आणि पुन्हा दूध ओतलं. या वेळी ते छातीपाशी जागच्या जागी थांबलं. हललं नाही.

"भरलं पोट!" गाम्बोने टाळी वाजवली. "पोर जन्मभर मोकळी. एकदाच बांधायचं. पुन्हा येणं नाही, पुन्हा देणं नाही. आणि ऐका, त्या बर्फाच्या डबेवाल्या बायांचे थेंब हिच्या जिभेला लागता कामा नयेत. गाठ सुटते. सुटली की मग मला हाका मारायच्या नाहीत!"

नायजेरियातल्या कानो शहराच्या जुन्या तटाबाहेर आमची ही लोहारांची वस्ती. इथे पोलिओला पोलिओ कुणी म्हणत नाही. इन्ना प्यायली, म्हणतात. इन्ना म्हणजे एक न दिसणारी बाई. ती झोपलेल्या लेकराच्या ज्या पायाला ओठ लावते त्यातला सगळा रस शोषून घेते, पाय काटकी होऊन लोंबतो. बायका उखळात बाजरी कांडताना गातात:

*हळू कांड गं सये, मुसळाचा होतो नाद,*
*तहानल्या इन्नाला नको घालू माझी साद.*

हे गाणं मी आईच्या पाठीवर ऐकलं आणि पाठीवरून पायांवर कधी उतरलोच नाही. दीड वर्षांचा होतो, तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी दोन्ही पाय गेले. आता मी, तानिमू, हातात चपला घालून हातांवर चालतो. भंगारातल्या नळ्या जोडून हाताने फिरवायच्या तीनचाकी गाड्या बनवतो, माझ्यासारख्यांसाठी. गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही, आणि या धंद्यात बरकत आली की माझी जेवणावरची वासना उडते.

त्या दिवशी खाटकाच्या अंगणात मी सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत पुढे गेलो होतो. लोक कटोऱ्यात वरून बघत होते. मी जमिनीवर बसलेला. माझ्या डोळ्यांसमोर कटोरा नव्हताच, तिवई होती. जाड, एका लाकडाची, कोरीव. तिच्या मागच्या बाजूला, नक्षीच्या एका भोकापाशी, माश्यांचा घोळका बसला होता.

दूध वर होतं, माश्या खाली होत्या. मला तेव्हा एवढंच दिसलं. कळलं काही नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी, दुकानात. वीज गेली म्हणून जनित्रात पेट्रोल घालायचं होतं. डब्यात नळी सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं, आणि पेट्रोल डब्याच्या काठावरून चढून खालच्या बाटलीत धावू लागलं. हे मी हजार वेळा केलंय. पण डबा संपत आला, नळीत हवा शिरली आणि आवाज झाला. गळ्ळक्.

तोंडातली पेट्रोलची चव थुंकायचीही राहिली. हाच तो इन्नाचा घोट.

---

माझी धाकटी बहीण बालाराबा पाच दिवसांची बाळंतीण होती. संध्याकाळी तिच्याकडे गेलो. ती मला याया म्हणते, थोरला भाऊ म्हणून. खोलीत निखाऱ्यांची ऊब होती, आणि तिच्या मांडीवर ते मुठीएवढं तोंड.

"लादीदी आली होती म्हणे," मी म्हणालो. लादीदी दवाखान्याची बाई, बर्फाचा डबा खांद्याला लावून घरोघर फिरणारी. जन्मल्यावर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर बाळाच्या जिभेवर दोन थेंब घालते.

"आली होती. परत पाठवली."

"का गं?"

"दार नाही का तुझ्या बहिणीच्या घराला? उघडायचं की लावायचं ते आमच्यावर आहे." मग तिचा आवाज खाली आला. "याया, तलातूचा हाशिमू पाहिलास?"

तलातू तिची शेजारीण. तिच्या दीड वर्षाच्या हाशिमूला गेल्या महिन्यात ताप आला होता. आता त्याचा डावा पाय उचलला की ओल्या फडक्यासारखा खाली पडत होता.

"पाहिला. आणि त्याला गाम्बोने बांधलं होतं बारशाला. बांधलेल्या पोराचा पाय गेला, मग?"

"गाम्बो म्हणतो, तलातूने चोरून थेंब दिले असणार. गाठ सुटली."

"तलातू काय म्हणते?"

"तलातू काही बोलतच नाही हल्ली." तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. "परवा बारसं. हिच्या बापाने, बराऊने, गाम्बोला सांगितलंय. मेंढाही बांधलाय दारात. तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये नको पडू? मी?" मी माझ्या मांड्यांवर हात मारला.

"तुझ्यामुळेच!" ती एकदम रडायलाच लागली. "तुला पाठीवर घेऊन विहिरीवर कोण न्यायचं? माझ्या खांद्यावरचे वळ अजून आहेत. तू दुकानात बसून हसतोस, लोकांना हसवतोस. मी रात्रीचं ऐकलंय तुला, याया. माझ्या पोरीचा पाय जाणार असेल तर मी एक मेंढा काय, घर देईन. मला फक्त कुणीतरी सांगावं, की नाही जाणार."

मला म्हणायचं होतं, तो नळीचा खेळ आहे. पण रडणाऱ्या बाईला नळी दाखवून काय उपयोग? तिने ते डोळ्यांनी पाहायला हवं होतं, आणि सगळ्यांदेखत. उरले होते दोन दिवस.

वाटेत मालम झुबैरूंच्या पाठशाळेत थांबलो. मालम म्हणजे गुरुजी. अर्धी वस्ती त्यांच्यापुढे लाकडी पाटीवर अक्षरं गिरवून मोठी झाली. मी सगळं सांगितलं.

"मला संशय होता," ते दाढी कुरवाळत म्हणाले. "आमच्या धर्मात तसली मातीची बाई बसतच नाही. पण लोक घाबरलेले आहेत, तानिमू. घाबरलेल्याला नाही म्हटलं की तो तुमच्याकडे यायचंच सोडतो. म्हणून गप्प राहिलो. चुकलंच."

"परवा गप्प राहू नका. एवढंच म्हणा, की दूध तानिमू ओतेल."

"बस एवढंच?"

"एवढंच, मालम. आणि लादीदीला मी बोलावतो. ती दाराबाहेर थांबेल."

---

बारशाच्या सकाळी वाळवंटातून धुळीचा वारा सुटला होता, माणसं तोंडं गुंडाळून बसली होती. नाव ठेवून झालं, रकिया. बायका आतल्या दाराच्या पडद्याआड दाटल्या. गाम्बोने तिवई मांडली, पोरगी चटईवर आली, आणि त्याने चंबू उचलला.

"थांब," मालम झुबैरू म्हणाले. "दूध आज मामाने ओतावं."

"मामाने?" गाम्बोने मला वरून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. "अहो मालम, याला तर इन्ना केव्हाच पिऊन गेलीये. उष्टं माणूस हे!"

हशा पिकला.

"म्हणूनच म्हणतो," मी म्हणालो. "तुझ्यापेक्षा जुनी ओळख आहे आमची. मला ओळखेल ती."

हशा पुन्हा पिकला, पण या वेळी गाम्बो त्यात नव्हता. माझा मेहुणा बराऊ हसू दाबत म्हणाला, "ओतू दे की. दूध तेच, बाई तीच."

मी चंबू घेतला. बाईच्या छातीपर्यंत ओतलं आणि थांबलो. लोक मान उंचावून बघत राहिले. दूध हललं नाही.

"का हो सरदार, आज उपास आहे का हिचा?"

"मन शुद्ध नाही तुझं!"

"असेल. मग पोरगी नको, दुसरं काहीतरी ठेवू." मी रकियाला उचलून पडद्यामागे दिलं, कमरेची हातोडी काढली, माझ्या टोपीत गुंडाळली आणि चटईवर निजवली. "ही माझी हातोडी. हिला विचारा, हिचा पाय हवाय का."

आणि मी दूध आणखी ओतलं, मणी बुडेपर्यंत.

दूध उतरू लागलं. भराभर, नेहमीसारखं. तळाशी आल्यावर घोट ऐकू आला.

"अरेरे," मागून कुणीतरी म्हणालं, "हातोडी गेली बिचारी!"

अंगण हसून लोळायला लागलं. मी हसलो नाही. दुसऱ्यांदा ओतलं, मण्यांच्या वर. इन्ना प्यायली. तिसऱ्यांदा ओतलं. प्यायली. चौथ्यांदा मात्र तिचं पोट भरलं, आणि माश्या बसायच्या त्या भोकातून दुधाची धार सुटून बराऊच्या चपलेवर पडली.

"बराऊ, पट्ट्या काप."

गाम्बो पुढे झाला, पण चार जण त्याच्या आधी पुढे झाले. चामडं सुटलं. तिवई आतून पोकळ, आत बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, दुधाने टम्म फुगलेली. मी मातीची बाई उलटी केली. पदराखाली एक बारीक भोक. तिथून आत बोरूची नळी, गळ्यापर्यंत वर जाऊन वाकलेली आणि पाठीतून खाली तिवईत उतरलेली.

"हे बघा," मी खिशातली पेट्रोलची नळी काढून सगळ्यांपुढे अंगणातल्या पाण्याच्या बादलीत सोडली. "नळीचं वळण गळ्यात आहे. दूध त्याच्या खाली असलं तर बसून राहतं. वळणाच्या वर चढलं की नळी भरते आणि खाली धावते, मग तळ लागेपर्यंत थांबत नाही. शेवटी हवा शिरते, तोच घोट. आधी मण्यांवर ओतायचं, म्हणजे पिते. मेंढा मिळाला की छातीपर्यंतच ओतायचं, म्हणजे पीत नाही. तुम्ही कुणी कधी पाहिलंत, की एखाद्या पोराला ती पहिल्याच वेळी नको म्हणाली?"

कुणी पाहिलं नव्हतं.

"इन्ना कोपेल! मी जबाबदार नाही!" गाम्बो टोपी सावरत दाराकडे निघाला.

दारात तलातू उभी होती. पडद्याआडून बाहेर कधी आली कळलं नाही. हाशिमू तिच्या पाठीला बांधलेला, त्याचा डावा पाय कापडाबाहेर लोंबत होता.

"माझ्या पोराला तूच बांधलं होतंस," ती म्हणाली.

"तू थेंब दिले असशील."

"नाही दिले." तिचा आवाज अगदी साधा होता. "तू सांगितलंस म्हणून नाही दिले. ती डबेवाली तीनदा आली. एकदा उन्हाची आली, पाणीसुद्धा नाही दिलं मी तिला. तीनदा दार लावलं."

गाम्बो तिच्या बाजूने, अंग चोरून, बाहेर गेला. त्याच्यामागे कुणी धावलं नाही. धावण्याचं भानच कुणाला नव्हतं.

मला वाटलं होतं, नळी दाखवली की झालं. तसं झालं नाही.

"बरं, तो चोर," बराऊ ओली चप्पल झटकत म्हणाला. लादीदी आता आत येऊन डबा खाली ठेवत होती. "पण म्हणून या बाई खऱ्या कशावरून? राग मानू नका. तुम्ही आज येता, पुढच्या महिन्यात येता, वर्षभर येता. खरं औषध असतं तर एकदा दिलं की पुरलं असतं. गाम्बो निदान एकदाच म्हणायचा."

"म्हणायचाच तो," लादीदी खाली बसत म्हणाली. धुळीने तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. "त्याला काय, म्हणायला पैसे पडतात? ऐका बराऊ. हा रोग इन्नाचा नाही, घाणीतून पोटात जाणाऱ्या जंतूचा आहे. दोनशे पोरांच्या पोटात गेला तर एखाद्याचा पाय जातो. बाकीची दोन दिवस कणकणतात, काहींना तर कळतही नाही. गाम्बोने दोनशे पोरं बांधली की एकशे नव्याण्णव सुखरूप राहतात आणि आया त्याला दुवा देतात. एकटी तलातू रडते. तिला तो म्हणतो, चूक तुझी."

"आणि तुमचे थेंब?"

"थेंबात तोच जंतू असतो, दुबळा केलेला. शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. पण एका वेळेने पक्कं शिकत नाही."

"का नाही शिकत?"

लादीदी शब्द शोधत होती. मालम झुबैरू म्हणाले, "बराऊ, तू माझ्याकडे पहिली ओळ किती वेळा गिरवलीस?"

"मला काय आठवतंय?"

"मला आठवतंय. पाटीवर लिहायचास, म्हणायचास, धुवायचास. पुन्हा लिहायचास. एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी पाटी नसतानाही म्हटलीस. आजही झोपेत म्हणशील. पहिल्या दिवशी तू माझ्यावर रागावला होतास, की गुरुजींची ओळ खरी असती तर एकदा लिहून पुरली असती?"

बराऊची मान खाली गेली, शाळेतल्यासारखी.

पडदा बाजूला झाला. बालाराबा पोरीला छातीशी धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ लादीदीकडे पाहिलं.

"आज हे घेतलं की हिचा पाय जाणार नाही, असं सांगतेस?"

मनात मी लादीदीला विनवत होतो, हो म्हण, बाई, एकदा हो म्हण.

"नाही सांगत," लादीदी म्हणाली. "आज फक्त सुरुवात. सहा आठवड्यांनी पुन्हा, दहाला पुन्हा, चौदाला पुन्हा. त्यानंतर मोहीम निघेल तेव्हा तेव्हा. इतकं झालं की मग या रोगाशी लढायचं हिच्या अंगात टिकून राहतं. मधलं एक जरी चुकलं तरी मला बोलवायचं."

बालाराबा खाली बसली आणि पोरीची हनुवटी बोटाने खाली केली.

"हळू घाल," ती म्हणाली.

दोन थेंब. रकियाने तोंड वाकडं केलं, जीभ चाटली आणि पुन्हा झोपली. लादीदीने तिच्या करंगळीच्या नखावर शाईची खूण केली. ते नख इतकं छोटं होतं, की शाई बोटभर पसरली.

"माझ्या हाशिमूलाही घाल," तलातू म्हणाली. "आता पाय येईल का त्याचा?"

या प्रश्नाला त्या अंगणात एकच माणूस उत्तर देऊ शकत होता. सगळे माझ्याकडे वळले.

"नाही येणार, तलातू," मी म्हणालो. "थेंब तरी दे. या रोगाचे आणखी प्रकार असतात, त्यांपासून वाचेल. पण पाय नाही येणार."

तिने मान हलवली. तिला ठाऊकच होतं. तिला फक्त कुणाकडून तरी खरं ऐकायचं होतं.

---

याला आता सात महिने झाले. रकियाचे चारही वेळचे थेंब झाले. दहाव्या आठवड्याला लादीदी आजारी होती, तर बालाराबा स्वतः पोरीला पाठीवर बांधून दवाखान्यात चालत गेली. तरी अजून रोज संध्याकाळी ती पोरीच्या दोन्ही पोटऱ्यांना हळूच चिमटा काढते आणि श्वास रोखून बघते. पोर दोन्ही पाय रागाने ओढून घेते. मग आई जेवायला बसते.

तिची भीती गेली नाही. जाऊही नये इतक्यात. आमच्या वस्तीत अजून काही दारं बंद आहेत, आणि गाम्बो तीन गावांपलीकडे नवं काहीतरी मांडून बसलाय असं कानावर येतं. भीती वाटणं ही आयांची चूक नाही. त्या भीतीवर मेंढे चारणाऱ्यांची ती चूक आहे.

म्हणून हात जोडून एवढंच सांगतो. माझे हात चालून चालून खरबरीत झालेत, पण जोडता येतात. कुणी तुम्हाला 'एकदाच, जन्मभरासाठी, काही न विचारता' असं म्हणाला, तर त्याला प्रश्न विचारा. थेंबवालीलाही विचारा, हवे तितके विचारा. ती बसून उत्तर देईल. फक्त विचारत असताना लेकराला मांडीवर घेऊन बसा, आणि त्याचं तोंड उघडं ठेवा.